मोजकीच अंतरं हातात असली तर नकाशा कसा काढायचा

मोबाइल आपली जागा कशी शोधतो असं विचारलं की कुणीही कागदावर तीन सर्कल काढून दाखवतो, तिन्ही जिथे एकमेकांना कापतात तिथे तुम्ही, विषय संपला. चुकीचं नाहीये ते, पण या सगळ्यातला तो सगळ्यात सोपा कोपरा आहे, कारण सॅटेलाइट कुठे आहेत ते तिथे आधीच माहीत असतं. आता समजा कुणाचीच जागा माहीत नाही. शंभर सेन्सर मोकळ्या जागेत वाटेल तसे टाकलेत, प्रत्येकाला फक्त जवळच्या चार-पाच सेन्सरपर्यंतचं अंतर कळतं, आणि तेवढ्यावरून शंभरच्या शंभर सेन्सरचा नकाशा काढायचाय. किंवा प्रोटीनचा एक रेणू आहे, त्यातल्या अणूंच्या काही जोड्या एकमेकांच्या जवळ आहेत एवढंच कळलंय आणि त्यावरून त्याचा अख्खा थ्रीडी आकार हवाय. या प्रकाराला डिस्टन्स जॉमेट्री म्हणतात. हे कधी जमतं आणि जमलं असं वाटूनही कधी फसतं, ते बघू.

सोपा भाग आधी उरकून घेऊ, पुढे त्यातलीच एक गोष्ट लागणार आहे. अ आणि ब हे दोन पॉइंट माहीत आहेत, दोघांमध्ये १० मीटर अंतर. तिसरा पॉइंट अ पासून ६ मीटर आणि ब पासून ८ मीटर. पायथागोरस लावला की कळतं, अ पासून ब च्या दिशेने ३.६ मीटर जायचं आणि मग काटकोनात वळून ४.८ मीटर. पण कुठल्या बाजूला वळायचं? डावीकडे ४.८ गेलं तरी दोन्ही अंतरं जुळतात आणि उजवीकडे ४.८ गेलं तरी जुळतात. हा डावा-उजवा घोळ नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा त्रास इथूनच येतो.

तिसरा माहीत असलेला पॉइंट क आणला तर घोळ मिटतो, पण क कुठेही ठेवून चालत नाही. अ आणि ब च्याच रेषेवर ठेवला तर काहीच उपयोग नाही, दोन्ही उत्तरं त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. आणि रेषेच्या अगदी जवळ ठेवला, म्हणजे मधोमध उभं राहून जेमतेम अर्धा मीटर डावीकडे, तर एक उत्तर त्याच्यापासून साडेचार मीटरवर येतं आणि दुसरं साडेपाच मीटरवर. तुमच्या मोजणीत मीटरभर चूक होत असेल तर तिसरं माप असूनही दोन उत्तरांतलं खरं कुठलं ते सांगता येणार नाही. म्हणजे मापं किती आहेत एवढं मोजून भागत नाही, ती कुठून कुठे घेतलीत ते बघावं लागतं. मला विचाराल तर या विषयात ध्यानात ठेवण्यासारखं हेच आहे, बाकी गणित कॉम्प्युटर करतो.

जाता जाता जीपीएसबद्दल एक सांगून टाकतो, कारण चौथा सॅटेलाइट उंचीसाठी लागतो असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. तीन अंतरं अचूक असतील तर उंचीसकट जागा मिळते, तीन गोल एकमेकांना दोन ठिकाणी कापतात आणि त्यातलं दुसरं ठिकाण बहुतेक वेळा कुठेतरी अंतराळात असतं त्यामुळे ते सोडून देता येतं. चौथा लागतो तो मोबाइलच्या घड्याळासाठी. सिग्नलला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात आणि प्रकाश एका मायक्रोसेकंदात साधारण ३०० मीटर जातो, मोबाइलमधलं साधं घड्याळ तेवढं नेमकं चालणं शक्यच नाही. म्हणून घड्याळ किती चुकलंय हाही एक अज्ञात धरतात, अज्ञात झाले चार, सॅटेलाइट लागले चार.

आता आधाराला ठेवलेले पॉइंट काढून टाका. फक्त आपापसातली अंतरं आहेत. पहिली गोष्ट म्हणजे नकाशा उत्तरेकडे तोंड करून आहे का, कागदावर डावीकडे सरकलाय का, आरशातल्यासारखा उलटा आहे का, यातलं काहीच अंतरांवरून कधीही कळणार नाही. अख्खा नकाशा सरकवला, फिरवला, उलटा केला तरी अंतरं तीच राहतात, त्यामुळे इथे एकच उत्तर आहे असं म्हणताना एवढी सूट गृहीत धरलेली असते.

सगळीच्या सगळी अंतरं माहीत असतील तर काम आश्चर्य वाटावं इतकं सरळ आहे. त्रिकोणाच्या तीन बाजू माहीत असल्या की कोन काढता येतो हे शाळेत झालेलं असतं, त्याच सूत्राने अंतरांच्या वर्गांवरून प्रत्येक जोडीचा डॉट प्रॉडक्ट (दोन लांब्या आणि त्यांच्यामधला कोन एकत्र बांधणारा आकडा) काढायचा, सगळे एका मॅट्रिक्समध्ये म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्यात भरायचे, आणि त्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या, म्हणजे पॉइंट किती स्वतंत्र दिशांना पसरलेत आणि कुठल्या दिशेला किती ते सांगणारे आकडे. पॉइंट सपाट कागदावरचे असतील तर फक्त दोन आयगेनव्हॅल्यू शून्याहून मोठ्या निघतात आणि बाकी सगळ्या शून्य, थ्रीडी असतील तर तीन. त्या दोन किंवा तीन आयगेनव्हेक्टरमध्येच, म्हणजे त्या आकड्यांसोबत येणाऱ्या दिशांमध्येच, जागा लिहिलेल्या असतात. यामागचं गणित यंग आणि हाउसहोल्डर यांनी १९३८ मध्ये मांडलं, आणि १९५२ मध्ये टॉर्गर्सनने ते मानसशास्त्रासाठी वापरलं, तिथे अंतर म्हणजे लोकांना दोन गोष्टी एकमेकींपासून किती वेगळ्या वाटतात ते. मापात थोडी चूक असली तरी ही पद्धत कोलमडत नाही, शून्य असायला हव्यात त्या आयगेनव्हॅल्यू थोड्या हलतात इतकंच.

पण शंभर पॉइंटच्या जोड्या होतात ४,९५०, आणि तेवढी मापं कुणाकडेच नसतात. मग हिशोब असा करायचा की अज्ञात किती आहेत. कागदावर शंभर पॉइंट म्हणजे २०० आकडे, त्यातून सरकवण्याचे दोन आणि फिरवण्याचा एक असे ३ वजा, उरले १९७. म्हणजे ४,९५० अंतरांमध्ये खरी माहिती १९७ आकड्यांएवढीच आहे, बाकीची अंतरं त्यांच्यावरून ठरलेली आहेत. थोडक्या अंतरांवरून नकाशा निघू शकतो तो याच कारणामुळे. मग काय, कुठलीही १९७ अंतरं घ्या आणि सोडवा?

तसं नाहीये ना. प्रत्येक मोजलेल्या अंतराला एक काठी समजा आणि प्रत्येक पॉइंटला एक ढिला बोल्ट. चार काठ्यांचा चौकोन केला तर तो दाबला की तिरका होतो, आकार ठरलेलाच नसतो. एक तिरपी काठी मारली की घट्ट. चार पॉइंटला २ गुणिले ४ वजा ३, म्हणजे ५ काठ्या, हिशोब बरोबर जुळला. पण मोठ्या सांगाड्यात तुम्ही एका कोपऱ्यात गरजेपेक्षा जास्त काठ्या ठोकल्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात कमी पडल्या तर एकूण संख्या बरोबर असूनही दुसरा कोपरा लुळाच राहतो. म्हणून नियम असा की एकूण काठ्या २ गुणिले पॉइंट वजा ३ पाहिजेत, आणि त्यांपैकी पॉइंटचा कुठलाही छोटा गट घेतला तर त्या गटात त्याच हिशोबापेक्षा जास्त काठ्या अडकलेल्या नकोत. सपाट कागदासाठी एवढा नियम पुरतो, अट एकच की पॉइंट अगदी खास जुळवून आणल्यासारखे, म्हणजे एका रेषेत वगैरे, नकोत. हे लामनने १९७० मध्ये सिद्ध केलं आणि नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो, पण हिल्डा पोलाचेक-गायरिंगर या गणितज्ञ बाईंनी तो १९२७ मध्येच सिद्ध केला होता आणि नंतर त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

थ्रीडीमध्ये तसाच नियम करायला गेलं तर तो चालत नाही. हिशोब होतो ३ गुणिले पॉइंट वजा ६, हा हिशोब मॅक्सवेलने १८६४ मध्येच केला होता, तोच तो विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांवाला मॅक्सवेल. पण ८ पॉइंट आणि १८ काठ्यांचा एक प्रसिद्ध सांगाडा आहे, डबल बनाना म्हणतात त्याला. पाच-पाच पॉइंटचे दोन घट्ट तुकडे फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला एकमेकांना जोडलेत. ३ गुणिले ८ वजा ६ म्हणजे १८, संख्या बरोबर, छोट्या गटांचा हिशोबही बरोबर, तरी दोन्ही तुकडे त्या दोन टोकांभोवती दारासारखे फिरतात. थ्रीडीसाठी नुसत्या मोजणीवर चालणारा पूर्ण नियम कुठला हा प्रश्न आजही सुटलेला नाही. एखादा ठरावीक सांगाडा घट्ट आहे का हे कॉम्प्युटर आकडे टाकून तपासू शकतो ते वेगळं.

बरं, सांगाडा घट्ट झाला म्हणजे नकाशा एकच झाला का? नाही, आणि बहुतेक लोक इथेच गंडतात. पाच काठ्यांचा तो चौकोन परत बघा, दोन त्रिकोण एका तिरप्या काठीला चिकटलेत. हलत नाही हे खरं, पण एक त्रिकोण उचलून त्या काठीवर दुमडून दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजूला टाकला तर पाचही अंतरं तशीच राहतात आणि नकाशा मात्र वेगळा. हाच तो डावा-उजवा घोळ. सपाट कागदावरच्या चार पॉइंटमधली सहा अंतरं एका समीकरणाने बांधलेली असतात, म्हणजे सहा कडांवरून पिरॅमिडसारख्या चार टोकांच्या आकाराचं घनफळ काढायचं सूत्र घ्यायचं आणि सपाट आहे म्हणून ते शून्य धरायचं. आर्थर केलीने १८४१ मध्ये या जातीची समीकरणं दिली. पाच अंतरं त्यात टाकली की सहाव्या अंतराच्या वर्गासाठी वर्गसमीकरण उरतं, आणि वर्गसमीकरणाला दोन उत्तरं, एक न दुमडलेलं आणि एक दुमडलेलं. त्रिकोणाला त्रिकोण जोडत साखळी वाढवत नेली तर प्रत्येक नवीन पॉइंटला शक्यता दुप्पट होतात, २३ पॉइंटच्या साखळीला १०,४८,५७६ वेगवेगळे नकाशे, आणि सगळे तुमच्या मापांशी तंतोतंत जुळणारे!

मग एकच नकाशा कधी? सपाट कागदासाठी याचं छान उत्तर आहे, जॅक्सन आणि यॉर्डान यांनी २००५ मध्ये ते पूर्ण केलं. पॉइंट चार किंवा जास्त असतील तर दोन गोष्टी तपासायच्या. कुठलीही एक काठी काढली तरी सांगाडा घट्टच राहिला पाहिजे, आणि कुठलेही दोन पॉइंट काढून टाकले तरी उरलेलं सगळं एकमेकांना जोडलेलं राहिलं पाहिजे. दुसरी अट का ते लगेच दिसतं, दोन पॉइंट काढल्यावर तुकडा सुटा होत असेल तर त्या दोन पॉइंटमधून जाणाऱ्या रेषेवर तो दुमडता येणारच. सेन्सर मांडताना मला ही अट फार कामाची वाटते, कारण कुठलंही माप घेण्याआधी नुसत्या जोडण्यांच्या चित्रावरून कळतं की अजून एखादं माप घ्यावं लागणार आहे आणि ते साधारण कुठे.

आता समजा एकच उत्तर आहे याची खात्री झाली. तरी ते सापडेल असं नाही. जेम्स सॅक्सने १९७९ मध्ये दाखवलं की थोड्या अंतरांवरून जागा शोधणं हे सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड आहे, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट चालेल अशी पद्धत कुणालाच माहीत नसलेल्या प्रश्नांपैकी, आणि तेही नुसत्या एका सरळ रेषेवर. ऐकायला विचित्र वाटतं, रेषेवर काय अवघड? पण हे बघा: पॉइंट एका पाठोपाठ एक आहेत, पहिल्यापासून दुसरा २ वर, दुसऱ्यापासून तिसरा ३ वर, मग ४, मग ५, आणि शेवटचा पॉइंट पहिल्यापासून ६ वर. प्रत्येक वेळी डावीकडे जायचं का उजवीकडे ते माहीत नाही, पण फिरून सुरुवातीच्या जागी यायचंय. म्हणजे २, ३, ४, ५, ६ या आकड्यांचे दोन सारखे गट पाडायचे, इथे ४ आणि ६ एकीकडे, २, ३ आणि ५ दुसरीकडे. पाच आकडे आहेत म्हणून चटकन जमलं, आकडे मोठे आणि शेकड्यांनी असतील तर हे नेहमी झटपट सोडवणारी पद्धत कुणाकडेच नाही. पुन्हा तोच डावा-उजवा घोळ.

यावरून हात टेकायचे असं नाही. एनपी-हार्ड म्हणजे सगळ्यात वाईट केस वाईट आहे. चार-पाच आधाराचे पॉइंट असतील आणि प्रत्येक नवीन पॉइंटला आधी जागा सापडलेल्या तिघांपर्यंतची अंतरं मिळत असतील तर एकेक करत भराभर पुढे जाता येतं, फक्त मोजणीतली चूक पुढे पुढे साठत जाते आणि लांबचे पॉइंट भरकटतात. म्हणून प्रत्यक्षात सगळे पॉइंट एकदम हलवतात. अंदाजे जागा घ्यायच्या, नकाशातलं अंतर आणि मोजलेलं अंतर यांतला फरक काढायचा, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, आणि ती बेरीज कमी होईल तसे पॉइंट सरकवत राहायचे. कोड म्हणाल तर अगदी थोडक्यात होतो. प्रॉब्लेम असा की एखादा तुकडा सुरुवातीला दुमडलेला पडला तर तो अडकतो, कारण सपाट कागदावर त्याला सरळ व्हायचं असेल तर मधल्या रेषेवरून ओढून पलीकडे न्यावं लागतं, त्यात अंतरं आधी आणखी बिघडतात आणि प्रोग्रॅमला बिघडवायची परवानगी नाही. बेरीज थोडी मोठी येऊन थांबते आणि आपण समजतो की मापंच खराब होती.

यावर दोन युक्त्या जास्त चालतात. एक म्हणजे सुरुवातच बरी करायची: ज्या जोडीचं अंतर नाही तिथे जोडण्या-जोडण्यांवरून जाणाऱ्या सगळ्यात जवळच्या वाटेची लांबी भरायची, मग सगळी अंतरं आहेत असं समजून ती आयगेनव्हॅल्यूवाली पद्धत लावायची आणि तिथून पुढे सरकवायला घ्यायचं. पॉइंट सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर हे झकास चालतं, पण मध्ये मोठी पोकळी असेल, म्हणजे पॉइंट घोड्याच्या नालासारखे पसरले असतील, तर वाट पोकळीला वळसा घालून जाते आणि नालाची दोन टोकं आहेत त्यापेक्षा खूप लांब वाटतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते, ती म्हणजे पॉइंटना काही वेळ जास्त मिती द्यायच्या. कागदावर अडकलेला त्रिकोण कागदातून वर उचलता आला तर एकही काठी न ताणता पलटी मारू शकतो, मग नंतर सगळ्यांना हळूहळू परत कागदावर दाबायचं. बिस्वास आणि ये यांनी २००४ मध्ये सेन्सरसाठी जी सेमीडेफिनिट प्रोग्रॅमिंगची (मॅट्रिक्सवर अटी घालून सगळ्यात चांगलं उत्तर शोधायची) पद्धत मांडली त्यात कागदावरच राहण्याची अट अशीच सोडून दिलेली असते, त्यामुळे प्रश्न अडकण्यासारखा राहत नाही. उत्तर आपोआप सपाट निघालं तर उत्तमच, नाहीतर ते सपाट करून पुन्हा सरकवायला घ्यायचं.

प्रोटीनचं प्रकरण याहून तिखट आहे. एनएमआरने, म्हणजे जोरदार चुंबकात ठेवून अणूंचे रेडिओ सिग्नल मोजायच्या पद्धतीने, पाण्यात विरघळलेल्या प्रोटीनचा आकार काढता येतो, या कामासाठी कुर्ट व्यूथ्रिश यांना २००२ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यात दोन हायड्रोजन जवळ असले की एक सिग्नल मिळतो, पण तो अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो, अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पट बारीक, त्यामुळे साधारण ५ अँगस्ट्रॉमच्या म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरच्या पलीकडे काही दिसतच नाही. त्याच सहाव्या घाताचा फायदाही आहे, सिग्नल मोजताना दुपटीने चूक झाली तरी अंतरात जेमतेम १२ टक्के फरक पडतो. तरी रेणू हलत असतो वगैरे कारणांमुळे नेमकं अंतर धरत नाहीत, हे अंतर यापेक्षा जास्त नाही एवढंच धरतात. मग अशा मर्यादा त्रिकोणाच्या नियमाने एकमेकींवर घासून घ्यायच्या: अ ते ब जास्तीत जास्त ४, ब ते क जास्तीत जास्त ५, तर अ ते क ९ च्या वर जाऊच शकत नाही. त्यावरून एकच आकार न काढता वीसेक आकार काढून एकावर एक ठेवून दाखवतात, जिथे ते जुळतात तिथे माहिती भरपूर, जिथे पिंजारल्यासारखे दिसतात तिथे मापं कमी पडलीत किंवा तो भाग खरंच हलतोय. इथेही संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. साखळीत शेजारी असलेल्या अणूंमधली ढीगभर अंतरं फारसं काही सांगत नाहीत, ते शेजारी आहेत हे आधीच माहीत असतं. साखळीत लांब पण घडी पडल्यामुळे जवळ आलेल्या दोन भागांमधली थोडी अंतरं मिळाली की अख्खी घडी ठरते. डीपमाइंड कंपनीचा पहिला अल्फाफोल्ड प्रोग्रॅम, प्रोटीनचे आकार ओळखायच्या २०१८ च्या कॅस्प स्पर्धेतला, तोही याच वाटेने गेला होता, न्यूरल नेटवर्कने अंतरांचे अंदाज बांधायचे आणि मग त्या अंतरांना जुळेल असा आकार सरकवत सरकवत शोधायचा.

आणि आरशाचं काय? अंतरांवरून उलटा-सुलटा कळत नाही, मग प्रोटीन उलटं निघालं तर? तिथे बाहेरची माहिती कामाला येते. प्रोटीनमधली अमिनो आम्लं जवळजवळ सगळी एकाच हाताची, डाव्या जातीची असतात, त्यामुळे सगळी उजव्या जातीची निघाली तर अख्खा आकार आरशात फिरवायचा. काही वेळा तेवढाच एखादा तुकडा उलटा अडकतो, तेव्हा मात्र खटपट करावी लागते.

शेवटी, न मोजलेलं अंतरसुद्धा काहीतरी सांगतं. दोन सेन्सरना एकमेकांचा आवाज ऐकू येत नसेल आणि आवाज ५० मीटरपर्यंत पोचतो हे माहीत असेल तर ते बहुतेक ५० मीटरच्या पलीकडे आहेत. दुमडलेल्या लाखो नकाशांमध्ये असे कितीतरी असतात की ज्यात ऐकू न येणारे दोन सेन्सर अगदी शेजारी येऊन पडतात, ते सगळे एका झटक्यात बाद करता येतात. फक्त मध्ये भिंत किंवा अडथळा असेल तर जवळ असूनही ऐकू येत नाही, आणि एनएमआरमध्येही सिग्नल नाही म्हणजे अणू लांबच आहेत असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, रेणूचा तो भाग हलत असला तरी सिग्नल बुडतो. म्हणून ही अट कडक नियम म्हणून घालत नाहीत, मोडली तर थोडा दंड अशी घालतात, आणि दंड किती ठेवायचा ते तुमच्या सेन्सरवर किंवा रेणूवर अवलंबून.